नकाशा आणि नक्षी

उर्दू आणि मराठी अशा दोन्ही भाषा शिकवत असल्यामुळे शब्दांची नातीगोती शोधण्याची मला सवय लागली आहे. मराठीतले 'नकाशा' आणि 'नक्षी' हे दोन शब्द एकाच घरचे. अरबीतल्या 'नक्श'पासून निघून फारसीच्या वाटेने ते आपल्याकडे आले. एक वाट दाखवतो, दुसरी डोळ्यांना सुख देते. हल्ली 'डेटा व्हिज्युअलायझेशन' या नावाने ओळखली जाणारी कला, म्हणजे आकड्यांच्या ढिगातून चित्र उभे करण्याची कला, या दोन शब्दांच्या मध्ये बसते. माझे म्हणणे एवढेच आहे, की त्यातली नक्षी नकाशाच्या कामी आली पाहिजे.

हे मला हजेरीपटाने शिकवले. महिनाअखेरीस वर्गशिक्षकाने हजेरीची टक्केवारी काढून द्यायची असते. माझ्या सहावीच्या वर्गाची टक्केवारी कायम बरी असायची. मुख्याध्यापक खूश आणि मीही खूश. एकदा गणिताच्या शिक्षिका रजेवर होत्या, म्हणून त्यांचा तास माझ्याकडे आला. आलेख शिकवायचे होते. म्हटले, पुस्तकातले उदाहरण कशाला, आपल्याच वर्गाचे घेऊ. मोठ्या कागदावर चौकोन आखले. आडव्या ओळीत तीन महिन्यांचे दिवस, उभ्या ओळीत मुलांचे क्रमांक. हजर असेल तर चौकोन हिरवा रंगवायचा, गैरहजर असेल तर कोरा ठेवायचा.

रंगवता रंगवता मुलेच ओरडली, "सर, मंगळवार बघा!"

दर मंगळवारी कोऱ्या चौकोनांची एक उभी पट्टी तयार झाली होती आणि ते चौकोन बहुतेक मुलींचे होते. मंगळवार हा आमच्याकडे आठवडी बाजाराचा दिवस. आई बाजारात माल विकायला बसते आणि थोरली मुलगी धाकट्या भावंडांना सांभाळायला घरी थांबते. महिन्यातले चार दिवस बुडाले तरी टक्केवारी ऐंशीच्या वरच राहते, म्हणून मला कधी काही खटकलेच नव्हते. उलट एकेका मुलीला उभी करून मी "दांड्या का मारतेस?" असे दरडावले होते. तो कागद पाहिला आणि मला माझीच लाज वाटली.

पुढे मंगळवारी धाकट्या भावंडांना सोबत आणायची परवानगी दिली आणि एका खोलीत त्यांना बसवायची सोय केली. सगळे चौकोन हिरवे झाले असे नाही, पण ती पांढरी पट्टी विरळ झाली. तीन महिने हजेरीपट माझ्याच हातात होता. त्यात नवीन माहिती काहीच आली नव्हती, फक्त ती डोळ्यांना दिसेल अशी मांडली गेली होती.

माहिती गोळा करून चित्रात मांडण्याचे काम जुनेच आहे. बाराव्या शतकात अल्-इद्रीसी या मुस्लिम भूगोलतज्ज्ञाने सिसिलीचा ख्रिस्ती राजा दुसरा रॉजर याच्या दरबारी राहून प्रवाशांकडून, व्यापाऱ्यांकडून वर्षानुवर्षे माहिती जमवली आणि 1154 मध्ये जगाचा नकाशा पूर्ण केला. त्या काळाचा तो बिग डेटाच म्हणायचा. त्या नकाशात दक्षिण दिशा वर आहे. आज आपण तो पाहिला तर जग उलटे वाटते. चूक त्याचीही नाही आणि आपलीही नाही. वर काय ठेवायचे, हे नकाशा काढणारा ठरवतो, ही गोष्ट मात्र लक्षात ठेवावी.

मला सर्वांत जवळचे वाटते ते अमेरिकेतल्या डब्ल्यू. ई. बी. ड्यु बॉइस यांचे काम. कृष्णवर्णीय समाजातला हा समाजशास्त्रज्ञ अटलांटा विद्यापीठात शिकवत होता. 1900 सालच्या पॅरिस प्रदर्शनासाठी त्याने आपल्या विद्यार्थ्यांच्या मदतीने साठेक आलेख हाताने काढून रंगवले. कृष्णवर्णीयांची जमीन, शिक्षण, व्यवसाय, साक्षरता असे सगळे त्यात होते. लाल, हिरव्या, पिवळ्या, काळ्या रंगांतले ते सर्पिल आणि पट्टे आज एखाद्या आधुनिक चित्रकाराचे वाटतात. ज्या समाजाबद्दल जगाने आधीच मत बनवून ठेवले होते, त्याने आपले आकडे स्वतः मोजले आणि स्वतःच्या हाताने रंगवून जगापुढे ठेवले. तिथे सौंदर्य हा दागिना नव्हता. जो माणूस एरवी मान फिरवून निघून गेला असता, त्याला थांबवण्याचे ते साधन होते.

आता आपल्याकडे वळू. 2006 मध्ये सच्चर समितीचा अहवाल आला. त्यात 2001 च्या जनगणनेतला साक्षरतेचा आकडा आहे : देशाची सरासरी 64.8 टक्के, मुस्लिमांची 59.1 टक्के. याचा स्तंभालेख शून्यापासून काढला तर दोन्ही स्तंभ जवळजवळ सारखे दिसतात आणि कोणीतरी म्हणते, "कुठे आहे मागासलेपण?" तोच आलेख 55 पासून सुरू केला तर मुस्लिमांचा स्तंभ दुसऱ्याच्या निम्माही भरत नाही आणि कोणीतरी म्हणते, "बघा, किती अन्याय!" दोन्हीकडे आकडे खरेच आहेत. स्तंभ शून्यापासूनच काढावा, हा प्रामाणिकपणाचा पहिला नियम. पण तेवढ्यावर थांबूनही चालत नाही. त्याच जनगणनेत महाराष्ट्रात मुस्लिमांची साक्षरता 78.1 टक्के होती, राज्याच्या सरासरीपेक्षा थोडी जास्तच. आणि त्याच सच्चर अहवालात आयएएस अधिकाऱ्यांमध्ये मुस्लिमांचे प्रमाण 3 टक्के आहे, लोकसंख्येतला वाटा 13.4 टक्के असताना.

यातले कोणते चित्र पुढे पाठवायचे? आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सोयीचे तेवढेच फिरते. तक्रार करणारा एक उचलतो, सगळे ठीक आहे म्हणणारा दुसरे. माझ्या मते सगळी शेजारी शेजारी ठेवली पाहिजेत. तेव्हा खरा प्रश्न दिसतो. अक्षरओळख झालेली मुले पुढे कुठे गळतात? त्याचे उत्तर कुठल्याही सरासरीत नाही. ते माझ्या मंगळवारच्या पट्टीसारखे तपशिलात दडलेले आहे.

आज देशातल्या सुमारे पंधरा लाख शाळा आपली माहिती दरवर्षी ऑनलाइन भरतात. चोवीस कोटींहून अधिक विद्यार्थ्यांची ही माहिती आहे. ती भरताना आम्हा शिक्षकांची किती दमछाक होते, ते आमचे आम्हाला ठाऊक. एवढा प्रचंड साठा कोणी ओळीने वाचू शकत नाही, त्यामुळे चित्र काढावेच लागते. पण चित्र वर बनते, वरच पाहिले जाते आणि खाली आमच्याकडे उरतो तो पुढच्या वर्षीचा कोरा फॉर्म. ज्या मोहल्ल्यातून आकडे गेले, त्या मोहल्ल्याला आपले चित्र पाहता आले पाहिजे.

एक पथ्य मात्र पाळावे. माझ्या कागदावर क्रमांक होते, आणि वर्गात कोणाचा कोणता क्रमांक हे सगळ्यांना पाठ असते. पालकसभेत तो कागद लावण्यापूर्वी मी क्रमांकांची पट्टी कापून टाकली. कोरा चौकोन कोणाच्या मुलीचा आहे, हे गावाला कळायची गरज नव्हती. बाजाराच्या दिवशी शाळा रिकामी होते, एवढे कळणे पुरे होते. मोठमोठ्या कंपन्या आणि सरकारे आपली माहिती जमवत असताना त्यांनीही ही पट्टी कापावी, असा आग्रह आपण धरला पाहिजे.

त्या पालकसभेत एक आई बराच वेळ कागदासमोर उभी होती. त्यांना वाचता येत नाही. त्यांनी पांढऱ्या पट्टीवरून वरपासून खालपर्यंत बोट फिरवले आणि विचारले, "सर, हा बाजाराचा दिवस ना?"

मी काहीच समजावून सांगितले नव्हते. तुम्ही शिक्षक असाल, बचत गटाचा हिशेब ठेवत असाल किंवा मशिदीच्या कमिटीत असाल, तर यंदा आपल्या वहीतल्या आकड्यांचा एक कागद रंगवून भिंतीवर लावून बघा. तो आधी कोणाला उमगतो, ते पाहण्यासारखे असते.