युरियाच्या पोत्यावरचे रसायनशास्त्र

कला शाखेच्या विद्यार्थ्याने अणू-रेणूंविषयी लिहावे, याचे काहींना नवल वाटेल. 'दहावीनंतर विज्ञान सुटले, बरे झाले', असे आपल्यापैकी अनेकजण म्हणतात. मला मात्र वाटते की, शाळेतल्या रसायनशास्त्राची गरज आपल्यालाच अधिक आहे. कारण खताच्या पोत्यावरचा मजकूर वाचू शकणारे घरातले पहिले माणूस आपल्यापैकी पुष्कळजण आहोत.

नववीत आपण मूलद्रव्य, संयुग, मिश्रण यांच्या व्याख्या पाठ केल्या. डाल्टनने 1808 साली ग्रंथरूपाने मांडलेला अणुसिद्धांतही पाठ केला. रेणुवस्तुमानाची गणिते सोडवली, ती गुणांपुरती. पुस्तकात नायट्रोजन होता आणि शेतात नत्र. हे दोन्ही एकच, हे किती जणांच्या लक्षात आले?

आमच्या धामणगाव भागात पऱ्हाटी म्हटली की युरिया आलाच. त्या पोत्यावर 46 टक्के नत्र असे छापलेले असते. हा आकडा आला कुठून? युरियाच्या एका रेणूत कार्बनचा एक, ऑक्सिजनचा एक, नायट्रोजनचे दोन आणि हायड्रोजनचे चार अणू असतात. त्यांची वस्तुमाने अनुक्रमे 12, 16, 28 आणि 4, बेरीज 60. साठात अठ्ठावीस म्हणजे 46.7 टक्के. पोत्यावरचा आकडा याला लागूनच आहे. म्हणजे 45 किलोच्या पोत्यात नत्र पावणेएकवीस किलोच्या आसपास. हाच हिशेब अमोनियम सल्फेटला लावला, तर नत्र 21 टक्क्यांच्या जवळपास निघतो. गंधक मिळते ते वेगळे. तेव्हा नत्रासाठी खत घेताना तुलना पोत्याच्या किमतीची नव्हे, किलोभर नत्राच्या किमतीची करावी, हे नववीचेच गणित सांगते.

रासायनिक क्रियेत अणू नाहीसे होत नाहीत, हेही आपण उत्तरपत्रिकेत लिहिले. मग पिकाने न घेतलेला नत्र जातो कुठे? काही अमोनिया होऊन हवेत उडतो, काही नायट्रेट होऊन पाण्याबरोबर खाली झिरपतो. माझे बाबा शाळेत गेलेले नाहीत; पण युरिया उघडा पडू देऊ नये, मातीआड करावा, हे त्यांना पक्के ठाऊक आहे. त्याचे कारण अणू-रेणूंच्या धड्याशीच जोडलेले आहे. बाबांचा अनुभव आणि माझे पुस्तक एकाच घरात होते, पण त्यांची गाठ कधी पडली नाही.

पाठांतराला माझा विरोध नाही. व्याख्या यायलाच हव्यात. परंतु सरावाची उदाहरणे मुलांच्या घरातून यावीत, असे मला आग्रहाने म्हणावेसे वाटते. भिंतीला लावायचा चुना, स्वयंपाकातला खाण्याचा सोडा, शेतातले खत, ही सारी संयुगेच आहेत. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण खेड्यात जातो, रस्ते झाडतो, गटारे साफ करतो. त्याच शिबिरात एक संध्याकाळ गावातल्या नववीच्या मुलांना बरोबर घेऊन पोत्यावरच्या आकड्यांचा हिशेब का करू नये? त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही, पाटी आणि पेन्सिल पुरते. गुरुजनांनी मनावर घेतले, तर हे काम कला शाखेचे विद्यार्थीसुद्धा करू शकतील.