‘कोर्ट’ संथ का आहे?

गेल्या सत्रात आमच्या मराठी विभागाने चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ दाखवला. अर्ध्यावर येईपर्यंत सभागृहातील निम्म्या खुर्च्या रिकाम्या झाल्या. “किती संथ!” म्हणत मुले-मुली कँटीनकडे वळली. या संथपणाविषयीच मला चार शब्द लिहावेसे वाटतात.

२०१५ साली प्रदर्शित झालेल्या या मराठी चित्रपटाला राष्ट्रीय पारितोषिक मिळाले, व्हेनिसला गौरव झाला, ऑस्करसाठी भारतातर्फे तोच गेला. त्यात ना मोठा नट, ना खर्चिक देखावे. शाहीर नारायण कांबळे झालेले वीरा साथीदार मुळात चळवळीतले कार्यकर्ते. २०२१ मध्ये कोरोनाने त्यांना नेले. या शाहिराच्या गाण्यामुळे गटारात उतरणाऱ्या एका कामगाराने आत्महत्या केली, असा आरोप आहे. खटला चालतो, म्हणजे तारखा पडतात. कॅमेरा एका जागी खिळून बघत राहतो.

खरे सांगते, प्रथम मलाही कंटाळा आला. पण न्यायाधीशांनी पुढची तारीख दिली आणि मला आमचे आप्पा आठवले. अंबरनाथमधला त्यांचा कारखाना बंद पडला. थकलेल्या पैशांचा दावा मी सातवीत असल्यापासून चालू आहे. तारखेच्या दिवशी आप्पा इस्त्रीचा शर्ट घालतात, डबा घेऊन निघतात आणि संध्याकाळी एवढेच म्हणतात, “पुढची पडली.” “मग जाता कशाला?” असे मी एकदा त्यांना तोडून बोलले होते. घरात कॉलेजात जाणारी मी पहिलीच. मला वाटे, त्यांच्यापेक्षा मला जास्त कळते.

चित्रपटातील सरकारी वकीलबाई खलनायिका नाही. दिवसभर आरोपीविरुद्ध बोलून ती लोकलने घरी येते आणि स्वयंपाकाला लागते. बदलापूर लोकलच्या महिलांच्या डब्यात अशा बायका मी रोज पाहते. दुष्ट कोणीच नाही, तरी माणूस तुरुंगातच. जामीन मिळाला तरी पुन्हा अटक!

संथ तेवढे चांगले, असे माझे म्हणणे नाही. पण गल्लाभरू चित्रपटात अडीच तासांत निकाल लागतो आणि आपण खूश होऊन घरी जातो. ‘कोर्ट’मध्ये सुटी लागते, कोर्टातले दिवे मालवले जातात आणि आपण अंधारात बसून राहतो. गरिबाचा वेळ कसा खर्ची पडतो, हे घाईने दाखवता येणार नाही.

म्हणून विनंती अशी की, असे चित्रपट दर सत्रात दाखवावेत आणि नंतर अर्धा तास चर्चा ठेवावी. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरहून येणाऱ्या आपल्यापैकी आणखी कोणाच्या घरीही तारखेचा कागद जपून ठेवलेला असेल. उठून गेलेल्यांतही तो असेल.

पुढच्या तारखेला मी आप्पांबरोबर जाणार आहे. त्या दिवशी माझे तास बुडतील. तसा अर्ज मी आधीच दिला आहे.