पडद्यावरच्या डॉक्टरचे जाणतेपण

व्ही. शांताराम यांच्या राजकमल कलामंदिराचा १९४६ सालचा 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' हा चित्रपट युद्धकाळातील देशप्रेमाचे आख्यान म्हणून ओळखला जातो. परंतु तरुण डॉक्टर जाणता कसा होतो, या दृष्टीने तो पाहिला, तर त्यातील मोठी उणीव लक्षात येते. सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये काँग्रेसने चीनला पाठविलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकातून निघाले, तेव्हा त्यांना अठ्ठाविसावे वर्षही पूर्ण झाले नव्हते. पडद्यावर मात्र ही भूमिका चव्वेचाळीस वर्षांच्या शांतारामांनी स्वतःच केली, त्यामुळे नायक घर सोडतानाच पुरता घडलेला आणि निःशंक वाटतो. त्याला वाढायला जागाच उरत नाही.

ख्वाजा अहमद अब्बास यांच्या पुस्तकावरून बेतलेल्या या पटकथेने कोटणीसांना साथीच्या रोगावर उपाय शोधणारा वीर केले आणि त्याच रोगाची त्यांना बाधाही करविली. वास्तविक ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, ते अपस्माराने, म्हणजे ज्या विकाराला बोलीभाषेत फेफरे किंवा फिट येणे म्हणतात त्याने, गेले. त्याआधीच्या चार वर्षांत जे घडले ते साथीवरील विजयाइतके नाट्यमय नाही, पण अधिक खरे आहे: चीनमध्ये पोहोचल्यावर काही महिन्यांतच वडील गेल्याची बातमी आली, तरी ते परतले नाहीत, चिनी भाषा शिकून त्याच भाषेत त्यांनी विद्यार्थ्यांना शिकविले, आणि शस्त्रक्रिया करताना बोटाला झालेल्या जखमेतून जंतुसंसर्ग होऊन १९३९ मध्ये मरण पावलेल्या कॅनेडियन शल्यविशारद नॉर्मन बेथ्यून यांच्या नावाच्या रुग्णालयाची सूत्रे त्यांनी १९४१ मध्ये हाती घेतली. मदतीला आलेला पाहुणा जबाबदार माणूस होतो तो याच काळात, आणि कॅमेरा नेमका येथे घाई करतो.

हा आक्षेप केवळ चित्रपटरसिकाचा नव्हे; तरुण डॉक्टर जबाबदारीतून कसा घडतो, हा प्रश्न प्रत्यक्ष रुग्णालयांतही उभा राहतो. ६ जानेवारी २०२२ रोजी पहाटे सुरतजवळच्या सचिन जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीत टँकरमधून नाल्यात रसायन सोडले जात असताना विषारी वायू पसरून सहा कामगार मृत्युमुखी पडले आणि अत्यवस्थ कामगारांना सुरतच्या सिव्हिल हॉस्पिटलमध्ये हलविण्यात आले. अशा वेळी सरकारी रुग्णालयात रुग्णाला पहिला हात लावतो तो बहुधा निवासी डॉक्टर, म्हणजे एमबीबीएसनंतर तीन वर्षे पदव्युत्तर शिक्षण घेत रुग्णालयातच अहोरात्र सेवा देणारा पंचविशीतला तरुण. वरिष्ठ येईपर्यंत ऑक्सिजन आधी कोणाला लावायचा, हे त्यालाच ठरवावे लागते. खानदेशातून येऊन या पट्ट्यातील गिरण्यांत राबणाऱ्या कुटुंबांना डॉक्टर भेटतो तो बव्हंशी याच रूपात, पण पटकथाकारांना तो अद्याप फारसा दिसलेला नाही.

समीर विद्वांस यांचा 'आनंदी गोपाळ' (२०१९) कोटणीसांवरील चित्रपटाच्या मानाने अधिक प्रामाणिक आहे, कारण आनंदीबाईंचा बालवधूपासून वैद्यकीय विद्यार्थिनीपर्यंतचा प्रवास तो रेंगाळून दाखवितो आणि त्यांचे पती गोपाळराव यांचा हेकटपणाही झाकत नाही. मात्र आनंदीबाईंना १८८६ मध्ये पेनसिल्व्हेनियात वैद्यकीय पदवी मिळाली आणि कोल्हापूरच्या रुग्णालयात नेमणूक होऊनही तेथे रुजू होण्यापूर्वीच, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, पुण्यात त्यांचा अंत झाला. त्यामुळे डॉक्टरचे घडणे जेथून सुरू होते तेथेच हा चित्रपट नाइलाजाने थांबतो, आणि त्याचा दोष दिग्दर्शकाकडे जात नाही.