कागदावरची बचत आणि मीटरवरचे युनिट

मुंबई-पुण्यात २० हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठे बांधकाम करायचे, तर २००६ च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार आधी पर्यावरण मंजुरी लागते. तिच्या कागदपत्रांत विजेचा एक तक्ता असतो. जोडभार इतके किलोवॉट, कमाल मागणी इतकी, ट्रान्सफॉर्मर इतके, डिझेल जनरेटर इतक्या केव्हीएचा. शेवटी ‘ऊर्जाबचत’ म्हणून काही टक्के. ही बचत कशाच्या तुलनेत? सल्लागाराने गृहीत धरलेल्या, जास्त वीज खाणाऱ्या एका काल्पनिक इमारतीच्या तुलनेत. प्रश्नपत्रिकाही त्याचीच, उत्तरपत्रिकाही त्याचीच.

मुळात किलोवॉट सांगतो तो तारेचा आणि ट्रान्सफॉर्मरचा आकार. हवेत किती कार्बन जाणार, हे वर्षभरात जळलेल्या युनिटांवर ठरते.

२०० सदनिकांचा एक टॉवर घेऊ. एसी सोडून घरटी महिन्याला २५० युनिट धरले, तर वर्षाला ६ लाख युनिट होतात. केंद्रीय विद्युत प्राधिकरण देशाच्या ग्रीडचे सरासरी उत्सर्जन दरवर्षी जाहीर करते. अलीकडे ते युनिटमागे साधारण ०.७२ किलो आहे. म्हणजे सुमारे ४३० टन. आता प्रत्येक घरात दोन एसी, प्रत्येकी तासाला एक युनिट आणि वर्षात १२० रात्री आठ-आठ तास असे धरा: आणखी पावणेतीनशे टनांची भर. तेच एसी चार तास चालतील असे लिहिले, की १३८ टन कागदावरून नाहीसे! हजार लिटर डिझेल जाळले तर पावणेतीन टनही भरत नाहीत, पण जनरेटरची नोंद मात्र न चुकता असते.

एसी किती तास चालेल, हे निम्मे रहिवाशाच्या हातात; उरलेले बिल्डरने आधीच ठरवून टाकलेले असते. पश्चिमेची भिंत, काचेचे क्षेत्र, खिडकीवरची सावली, वारा आरपार जातो की नाही. ‘इको निवास संहिता २०१८’ मध्ये भिंती-खिडक्यांतून आत येणाऱ्या उष्णतेला चौरस मीटरमागे १५ वॉटची मर्यादा आहे, ती यासाठीच. विक्रीच्या माहितीपुस्तिकेत क्लबहाऊसचे चित्र असते, हा आकडा क्वचितच.

मुंबई महापालिकेने मार्च २०२२ मध्ये हवामान कृती आराखडा जाहीर केला. त्यानुसार २०१९ मध्ये शहराचे उत्सर्जन २.३४ कोटी टन होते. त्यातला ७० टक्क्यांहून अधिक वाटा इमारती आणि इतर स्थिर ऊर्जावापराचा. २०५० पर्यंत हे निव्वळ शून्यावर आणायचे आहे. पुनर्विकासात आज चार मजल्यांच्या जागी चाळीस उभे राहत आहेत. त्यांचे अंदाज खरे ठरले की नाही हे कुणी पाहणारच नसेल, तर आराखड्यातील घट मोजायची कशी?

लंडनने यावर साधा उपाय केला. २०२१ च्या ‘लंडन प्लॅन’नुसार मोठ्या प्रकल्पांनी इमारत वापरात आल्यावर किमान पाच वर्षे प्रत्यक्ष ऊर्जावापर कळवायचा असतो. आपल्याकडेही पर्यावरण मंजुरीच्या अटींचे पालन कसे चालले आहे, याचा अहवाल दर सहा महिन्यांनी द्यावा लागतो. त्यात दोनच आकडे वाढवा: अंदाजित युनिट आणि मीटरवरचे युनिट. घराघराचे बिल कुणी उघडे करायला नको, इमारतीची बेरीज पुरे. ती वीज कंपनीकडे दरमहा तयारच असते.

अडचण ताब्याची आहे. इमारत सोसायटीकडे सोपवली की बिल्डर निघतो, आणि वापरातले खरे आकडे नेमके त्यानंतर येऊ लागतात. म्हणून ही माहिती सोसायटीच्या कमिटीकडे मागत बसण्याऐवजी वीज कंपनीनेच थेट द्यावी आणि राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाच्या, ‘महारेरा’च्या, संकेतस्थळावर त्या प्रकल्पाच्या नोंदीत दिसावी. त्याच बिल्डरच्या पुढच्या टॉवरमध्ये घर घेणाऱ्याला मग मागच्या टॉवरचे युनिट पाहता येतील.