रिप्ले सगळ्यांना दिसतो, रेफ्रीलाही दिसू द्या

प्रति,
अध्यक्ष आणि कार्यकारी समिती,
अखिल भारतीय फुटबॉल महासंघ

प्रत माहितीसाठी : महाराष्ट्र व गोव्याच्या राज्य फुटबॉल संघटना; इंडियन सुपर लीगमधील सर्व क्लब

विषय : फुटबॉल सामन्यांत रेफ्रीला व्हिडिओ रिप्ले उपलब्ध करून देण्याबाबत मागणीपत्र

महोदय,

आम्ही महाराष्ट्र आणि गोव्यातल्या मैदानांवर शिट्टी वाजवणारे रेफ्री आणि झेंडा धरणारे लाइनमन आहोत. आमच्यापैकी फार थोड्यांचे पोट शिट्टीवर चालते. बाकीचे कुणी शाळेत पीटीचे सर आहेत, कुणी बँकेत, कुणी दुकानात, आणि सुट्टीच्या दिवशी मैदानात. रिप्लेची मागणी रेफ्रींनीच करावी याचे आपल्याला नवल वाटेल, कारण रिप्ले म्हणजे रेफ्रीवर पाळत असा समज आहे. आमचा अनुभव उलटा आहे. पाळत तर आहेच. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर दोन तालमींचा सामना लागला की आज तो मोबाइलवरही दिसतो. पेनल्टी दिल्यावर अर्ध्या मिनिटात तो प्रसंग गॅलरीतल्या शंभर जणांनी पुन्हा पाहिलेला असतो. ज्याने निर्णय द्यायचा त्याला मात्र पाहण्याची मनाई. अधिकृत परवानगी नसलेल्या स्पर्धेत रेफ्रीने व्हिडिओ पाहून निर्णय फिरवला तर तो नियमभंग ठरतो. शिव्या मात्र व्हिडिओ पाहूनच दिल्या जातात.

ही तक्रार केवळ गल्लीतली नाही. ११ जून २०२४ रोजी कतारमध्ये भारताचा विश्वचषक पात्रतेचा सामना झाला. ३७व्या मिनिटाला छांगटेने गोल केला आणि भारत पुढे होता. ७३व्या मिनिटाला चेंडू गोलरेषेबाहेर गेला, तिथून तो आत ओढला गेला आणि कतारच्या युसूफ आयमेनने जाळ्यात ढकलला. भारतीय खेळाडू हात वर करून उभे राहिले. गोल दिला गेला. पुढे कतारने दुसरा गोल केला आणि सामना १–२ असा गेला. जिंकलो असतो तर आपले ८ गुण झाले असते. गटात दुसऱ्या आलेल्या कुवेतचे ७ होते. म्हणजे पात्रतेच्या तिसऱ्या फेरीचे दार त्या सामन्यावर अवलंबून होते. पात्रतेच्या त्या फेरीत व्हीएआर (वेगळ्या खोलीत बसून रिप्ले तपासणाऱ्या पंचांची यंत्रणा) नव्हते. त्याच कतारमध्ये, त्याच वर्षी जानेवारीत आशियाई चषक झाला, तेव्हा मात्र ते होते. त्या दिवशीच्या रेफ्रीला आणि लाइनमनला दोष देणाऱ्यांत आम्ही नाही. गर्दीतल्या पायांआडून गोलरेषा दिसत नाही, हे त्या जागी उभे राहिल्याशिवाय कळत नाही. महासंघाने तेव्हा चौकशीची मागणी केली, ते योग्यच झाले. पण जे साधन कतारमध्ये हवे होते, ते आपल्या स्वतःच्या लीगमध्ये का नाही, हा प्रश्न आम्ही आपल्याला विचारतो आहोत.

"आपल्याकडे सोय नाही" हे उत्तर आता पुरेसे नाही. २०२२ च्या सुरुवातीला महिलांचा आशियाई चषक मुंबई, नवी मुंबई आणि पुण्यात झाला, आणि उपांत्यपूर्व फेरीपासून त्यात व्हीएआर होते. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सतरा वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकात मडगाव आणि नवी मुंबईच्या मैदानांनी हीच यंत्रणा पाहिली. यंत्रे आली, चालली आणि परत गेली. राहिले ते आपले रेफ्री, पूर्वीसारखेच.

तरीही आमची पहिली मागणी व्हीएआरची नाही. हे नीट सांगणे भाग आहे, कारण वर्तमानपत्रांत सरसकट "व्हीएआर आणा" असे छापले जाते. व्हीएआरची चाचणी घेण्याची परवानगी 'आयफॅब' या नियम ठरवणाऱ्या मंडळाने मार्च २०१६ मध्ये दिली आणि ३ मार्च २०१८ रोजी ते नियमात आले. गोल, पेनल्टी, थेट लाल कार्ड आणि कार्ड भलत्याच खेळाडूला दाखवले जाणे, या चार प्रसंगांपुरते ते होते. त्यासाठी मैदानाभोवती भरपूर कॅमेरे लागतात, वेगळी खोली लागते आणि प्रत्येक सामन्याला पडद्यासमोर बसणारे प्रशिक्षित पंच लागतात. आपल्याकडे मैदानात उतरवायलाच पुरेसे पंच मिळत नाहीत. ते खोलीत बसवायचे तर खालच्या स्पर्धा ओस पडतील.

याला पर्याय आहे. 'फुटबॉल व्हिडिओ सपोर्ट' या पद्धतीची चाचणी फिफाने २०२४ मध्ये तरुण संघांच्या स्पर्धांत घेतली. त्या वर्षी कोलंबियात झालेल्या वीस वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकातही ती वापरली गेली. इटलीची तिसऱ्या दर्जाची लीग, सेरी सी, २०२५–२६ च्या हंगामात ती वापरू लागली. यात खोलीतले पंच नाहीत. मोजके कॅमेरे, रिप्ले लावून देणारा एक माणूस आणि मैदानाच्या कडेला एक पडदा. प्रशिक्षकाला सामन्यात दोनदा दाद मागता येते; रेफ्री स्वतः जाऊन पाहतो; निर्णय बदलला तर ती संधी शिल्लक राहते, नाही तर खर्ची पडते. क्रिकेट पाहणाऱ्या माणसाला हे समजावून सांगावे लागणार नाही. व्हिडिओ पाहून धावबाद दिला गेलेला पहिला फलंदाज आपला सचिनच होता, १९९२ मध्ये डरबनला. पुढे डीआरएसला, म्हणजे पंचांच्या निर्णयावर दाद मागण्याच्या पद्धतीला, आपल्याच क्रिकेट मंडळाने २०१६ पर्यंत आढेवेढे घेतले. फुटबॉलने तेवढी वर्षे घालवू नयेत.

म्हणून आमची पहिली आणि मुख्य मागणी अशी : इंडियन सुपर लीग आणि तिच्या खालच्या राष्ट्रीय लीगसाठी 'फुटबॉल व्हिडिओ सपोर्ट' राबवण्याचा रीतसर अर्ज महासंघाने फिफाकडे करावा, आणि तो कधी केला, उत्तर काय आले, हे जाहीर करावे. थेट प्रक्षेपणाचे जे करार यापुढे होतील, त्यांत कॅमेऱ्यांची किमान संख्या आणि रेफ्रीच्या पडद्यापर्यंत चित्र पोचवण्याची जबाबदारी लिहिलेली असावी. प्रक्षेपण करणाऱ्याच्या मर्जीवर ती सोडू नये.

यातच ऑफसाइडची गोष्ट येते, आणि इथे आमचे मत अनेकांना रुचणार नाही. कतारच्या २०२२ च्या विश्वचषकात ऑफसाइडसाठी छताखाली १२ खास कॅमेरे होते आणि चेंडूत सेन्सर होता, जो सेकंदाला ५०० वेळा नोंद पाठवत होता. साध्या प्रक्षेपणात सेकंदाला २५ किंवा ५० चित्रे असतात. पळणारा फॉरवर्ड सेकंदाला ८ मीटर जातो असे धरा. २५ चित्रांच्या हिशेबाने दोन चित्रांमध्ये तो ३२ सेंटीमीटर सरकलेला असतो, ५० च्या हिशेबाने १६. चेंडू पायातून नेमका कधी सुटला ते या दोन चित्रांच्या मधेच कुठेतरी असते. अशा चित्रावर पट्टी ठेवून चार सेंटीमीटरचा ऑफसाइड काढणे म्हणजे भाजीवाल्याच्या वजनकाट्यावर सोने तोलणे. म्हणून मोजक्या कॅमेऱ्यांच्या स्पर्धेत रेषा आखू नयेत. नुसत्या डोळ्याला जे सरळ दिसते तेवढेच बदलावे, नाही तर लाइनमनचा झेंडा कायम राहावा.

दुसरी मागणी बोलण्याची आहे. ३० सप्टेंबर २०२३ रोजी टॉटनहॅम–लिव्हरपूल सामन्यात लुइस दियाझचा गोल ऑफसाइड म्हणून नाकारला गेला. खोलीतल्या पंचांनी पाहिले, त्यांना गोल योग्यही दिसला. पण मैदानावरचा निर्णय गोलच आहे असे समजून त्यांनी तपासणी पूर्ण झाल्याचे कळवले आणि खेळ सुरू झाला. पडद्याने चूक केली नव्हती. दोन माणसांतल्या संवादाने केली. तो संवाद पुढे जाहीर झाला म्हणून जगाला हे कळले. आपल्याकडे एका सामन्यात रेफ्री मिझोरामचा, लाइनमन गोव्याचा आणि चौथा पंच केरळचा असू शकतो. तेव्हा रिप्लेच्या वेळी वापरायचे शब्द मोजके, ठरलेले आणि घोकलेले असावेत. प्रत्येक वादग्रस्त तपासणीचे ध्वनिमुद्रण ठरावीक मुदतीत प्रसिद्ध व्हावे.

आणि निर्णय स्टेडियमला सांगितला जावा. २०२३ च्या महिला विश्वचषकात रेफ्रींनी माइकवर कारण सांगितले आणि काही आभाळ कोसळले नाही. मडगावच्या फातोर्डा मैदानावर ते इंग्रजीबरोबर कोकणीत आणि मुंबईत मराठी-हिंदीतही ऐकू यावे. रेफ्रीने एका भाषेत सांगावे, निवेदकाने बाकीच्यांत.

३ मार्च २०२३ ची बेंगळुरूची रात्र आपल्याला आठवत असेल. इंडियन सुपर लीगच्या बाद सामन्यात, जादा वेळेत, बेंगळुरूच्या छेत्रीने झटकन फ्री किक मारली. केरळ ब्लास्टर्सचे खेळाडू अजून भिंत लावत होते. गोल दिला गेला आणि संघ मैदान सोडून गेला. त्या वादात चित्राविषयी कुणाचेच दुमत नव्हते; काय घडले ते सर्वांनी पाहिले होते. शिट्टीची वाट पाहायची होती की नव्हती, एवढाच प्रश्न होता, आणि त्याचे उत्तर फक्त रेफ्रीकडे होते. दहा कॅमेरे असते तरी तो वाद मिटला नसता. तिथल्या तिथे माइकवर दोन वाक्ये सांगितली गेली असती तर कदाचित निवळला असता. पुढे क्लबला ४ कोटींचा दंड झाला. आमची तिसरी मागणी इथूनच निघते : अशा वादांतून महासंघाकडे जमा होणारी दंडाची रक्कम पंचांच्या प्रशिक्षणासाठी आणि विम्यासाठी वेगळी ठेवावी आणि तिचा हिशेब दरवर्षी मांडावा.

यंत्र चुकल्यावर किंवा बंद पडल्यावर काय, हेही आधीच लिहून ठेवावे. जून २०२० मध्ये ॲस्टन व्हिला–शेफिल्ड सामन्यात चेंडू रेषेपार गेला होता. खेळाडूंच्या गर्दीमुळे गोलरेषेच्या सातही कॅमेऱ्यांना तो दिसला नाही, आणि सामना ०–० सुटला. आपल्याकडे तर पाऊस आहे आणि वीजही जाते. रिप्ले बंद पडला म्हणून सामना रद्द होणार नाही आणि मैदानावरचा निर्णयच अंतिम राहील, हे दोन्ही कर्णधारांना नाणेफेकीच्या वेळी सांगितले जावे.

जिल्हा पातळीवर मात्र घाई नको. तालमींच्या आणि गावांच्या स्पर्धांत पडद्याआधी इतर गोष्टी हव्या आहेत : बाहेरून आलेले तटस्थ लाइनमन, सामन्यानंतर रेफ्रींना सुखरूप बाहेर काढणारा बंदोबस्त आणि वेळेवर मानधन. आयोजकाने किंवा संघाच्या व्यवस्थापकाने रेफ्रीपुढे मोबाइल धरला, तर ते गैरवर्तन मानून कारवाई व्हावी. रिप्लेची एखादी चित्रफीत रेफ्रीला बढती नाकारण्यासाठी एकटी पुरावा म्हणून वापरली जाऊ नये. संपूर्ण सामन्याचे मूल्यमापन व्हावे.

इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये जून २०२४ ला व्हीएआर काढून टाकण्याचा ठराव आला आणि १९ विरुद्ध १ मतांनी पडला. स्वीडनने मात्र ते स्वीकारलेच नाही. म्हणजे प्रामाणिक मतभेदाला जागा आहे, आणि महासंघाचे मत आमच्याहून वेगळे असू शकते. ते कारणांसह लेखी कळवावे, पुढचा हंगाम सुरू होण्यापूर्वी. चाचणीसाठी मैदान मुंबईत कूपरेजचे किंवा मडगावात फातोर्ड्याचे द्यावे. लागतील तेवढे रेफ्री आणि लाइनमन आम्ही मानधन न घेता देऊ. प्रवासखर्च मात्र मिळावा, आणि या वेळी तो त्याच महिन्यात मिळावा.

आपले,
महाराष्ट्र व गोव्यातील रेफ्री-लाइनमन संघटनेचे सर्व सभासद