यात्रा झाली, मावंदे कधी?

दिवाळीचा फराळ पुढे ठेवून पाहुण्याला चार खडे बोल सुनावणे शिष्टाचारात बसत नाही, हे मला ठाऊक आहे. परंतु आमच्यासारख्या खेड्यातल्या मास्तराचे ऐकून घेण्याइतकी सवड लोकांना वर्षातून याच चार दिवसांत असते. तेव्हा वाचकहो, चकलीबरोबर हेही थोडे तिखट चालवून घ्यावे.

विषय परदेशच्या सहलींचा आहे. एके काळी विलायतेला जाऊन आलेली माणसे साऱ्या बीड जिल्ह्यात बोटांवर मोजता येत. आज बीडमधून, अंबाजोगाईतून, परळीतून डॉक्टर जातात, आडतदार जातात, पेन्शनीत निघालेले गुरुजीही जातात. कोणी युंगफ्राऊचे बर्फ पाहून येतो, कोणी पशुपतिनाथ-मुक्तिनाथ करून येतो, कोणी लुंबिनीला बुद्धाच्या जन्मभूमीवर माथा टेकून येतो, कोणी हज करून येतो. मधली पाच वर्षे बंद असलेली कैलास-मानसरोवराची यात्रा २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाली, तेव्हापासून तिचीही चौकशी चालू आहे.

यात वाईट काही नाही. ‘आधी घरचा सौताड्याचा धबधबा पाहा, मग परदेशचे डोंगर,’ असे खडसावणारे विद्वान दर दिवाळीला भेटतात. मी त्यांतला नव्हे. ज्याला पाहावयाचेच नाही, तो अंबाजोगाईला मुकुंदराजांच्या समाधीपाशी उभा राहूनही चहाची टपरीच शोधणार. आल्प्स पर्वतात बसून पोहे आणि पिठले खाणाऱ्या मंडळींची टिंगलही मी करणार नाही. पंढरीच्या दिंडीबरोबर शिधा चालतोच की! आणि चाळीस वर्षे चुलीपुढे काढलेल्या एखाद्या माउलीला दहा दिवस आयते ताट मिळाले, तर त्या दहा दिवसांचा हिशेब मागणारा मी कोण?

माझी तक्रार वेगळी आहे. माझी तक्रार मावंद्याची आहे.

नव्या पिढीतल्या वाचकांसाठी सांगतो. पूर्वी माणूस काशीला जाऊन आला की घरी गंगापूजन करी आणि जेवणावळ घाली. तिला मावंदे म्हणत. काशीहून आणलेल्या गंगेचे चार थेंब, ज्यांना काशी या जन्मी दिसणार नव्हती त्यांच्या हातावर पडत. हाजी निघतानाच सर्वांचे देणे फेडतो, चुकलेमाकले माफ करा म्हणून दारोदार जातो, आणि परत आल्यावर जमजमचे पाणी नि खजूर वाटतो. दोन्हींच्या मुळाशी एकच समजूत आहे. जो गेला तो एकटा गेला नाही. मागे राहिलेल्यांनी त्याची गुरे सांभाळली, म्हाताऱ्यांना पाणी दिले, म्हणून तो जाऊ शकला. तेव्हा यात्रा हे पुण्य खरे. परंतु त्या पुण्यावर मागे राहिलेल्यांचे कर्जही असते. मावंदे म्हणजे त्या कर्जाची फेड.

आणि ही फेड केवळ लाडू-जिलबीची नसे. विष्णुभट गोडसे १८५७ साली वरसईहून निघाले ते दक्षिणेच्या आशेने. सापडले बंडाच्या धामधुमीत, झाशीच्या वेढ्यात. परंतु घरी परतताना त्यांनी आईबापांसाठी गंगेची कावड आणली आणि पुढे डोळ्यांनी पाहिलेली झाशी कागदावर उतरवली. १९०७ साली ‘माझा प्रवास’ छापून निघाला, तेव्हा त्या एका भिक्षुकाचे मावंदे साऱ्या महाराष्ट्राला पोचले. पंडिता रमाबाई अमेरिका पाहून आल्या, आणि १८८९ मध्ये त्यांनी त्या देशाची लोकस्थिती मराठीत लिहून काढली. तिथला कारभार कसा चालतो, घरे कशी आहेत, शाळा कशा आहेत, बायका संघटित होऊन काय करतात, हे सारे त्यात आले. त्याच वर्षी मुंबईत त्यांनी शारदा सदन उघडले. हे त्यांचे मावंदे! त्या पंक्तीला ज्या बालविधवा बसल्या, त्यांनी अमेरिकेचे नावसुद्धा ऐकलेले नसेल.

आता आजचा प्रवासी पाहा. तो येतो. बरोबर चॉकलेट असते, फ्रिजच्या दाराला चिकटवावयाचे खेळणे असते आणि मोबाईलमध्ये आठशे फोटो असतात. फोटोत पुढे तो स्वतः, आणि त्याच्या खांद्यामागून जेवढा डोकावेल तेवढा पर्वत. ‘कसे काय होते?’ म्हणून विचारावे, तर उत्तर तीन शब्दांत: ‘अप्रतिम! स्वच्छता! शिस्त!’ बाकी सारे खर्चाचे आकडे. एवढे तर जाहिरातीच्या कागदावरही छापलेले असते. त्यासाठी समुद्र ओलांडावयास नको होता.

तेथे पाहावयास काही नसते, असे थोडेच आहे? युंगफ्राऊयोखचे रेल्वे स्थानक ३,४५४ मीटर उंचीवर आहे. डोंगराच्या पोटातून सुमारे सात किलोमीटरचा बोगदा गेला आहे. १८९६ ते १९१२ अशी सोळा वर्षे तो खणला गेला, आणि खणणारे मजूर मुख्यतः इटलीहून पोटासाठी आलेले होते. परमुलखात कष्टाला गेलेल्या माणसांची गोष्ट बीड जिल्ह्याला नवी आहे काय? ज्या बीड शहरात पहिली आगगाडी १७ सप्टेंबर २०२५ रोजी आली, तिथला माणूस १९१२ सालच्या गाडीने बर्फावर चढतो आणि ‘हे यांना कसे साधले? कोणाच्या घामावर साधले?’ असे एकदाही विचारीत नाही!

त्याच देशात मॅटरहॉर्नचे शिखर दाखवावयास नेतात, तो व्हॅले नावाचा प्रांत आहे. दोन्ही बाजूंच्या उंच डोंगररांगा ढग अडवतात, त्यामुळे मधले खोरे कोरडे पडते. सह्याद्रीच्या आड बसलेल्या आपल्या बीडचेच ते दुखणे. तेथल्या शेतकऱ्यांनी मध्ययुगापासून कड्यांच्या अंगाने पाट काढून वरचे पाणी शेतात उतरवले. कोणाची पाळी किती वेळ, हे लाकडी पट्ट्यांवर खाचा पाडून नोंदवले. त्यांतले कित्येक पाट अजून वाहतात. युरोपातील सात देशांच्या या जुन्या पाटपाण्याच्या विद्येला २०२३ मध्ये युनेस्कोने मानवतेचा वारसा म्हणून मान दिला. त्यांत स्वित्झर्लंड आहे. आपल्याकडे बीडजवळ निजामशाहीच्या काळातली खजाना बावडी आहे, आणि भुयारी पाटांनी शेतीला पाणी देणारी तिची योजना आहे. दोन्ही पाहिलेला एक जरी माणूस गावात उभा राहून बोलला असता, तर ते गंगेच्या चार थेंबांहून कमी पुण्याचे झाले नसते. परंतु आमचा प्रवासी शिखर पाहून परततो. पाट राहतो तिथेच.

तीर्थांचेही तेच. मुक्तिनाथ हिंदूंचे, तसेच बौद्धांचेही. विष्णूच्या त्या देवळाची देखभाल करण्यात बौद्ध भिक्षुणींचा हात आहे. कैलास तर हिंदू, बौद्ध, जैन आणि तिबेटातले बोन अशा चौघांचा. ज्या जिल्ह्यात माणसाचे आडनाव ऐकल्यावर पुढचे बोलणे ठरते, त्या जिल्ह्यातला यात्रेकरू हे सारे प्रत्यक्ष पाहून येतो. मग गावी येऊन त्याने हे सांगावयास नको काय? तो शाळिग्राम आणतो, देव्हाऱ्यात ठेवतो आणि देव्हाऱ्याचे दार लावून घेतो.

कोणी म्हणेल, ‘मास्तर, पैसा आमचा, पाय आमचे. मजा करावयास गेलो होतो, परीक्षेला नव्हे.’ कबूल. सारे आयुष्य काटकसर केलेल्याने मजा जरूर करावी. परंतु ‘पैसा आमचा’ हे वाक्य मात्र बीडमध्ये जरा जपून उच्चारावे. का, ते सांगतो.

सहलीची मंडळी दिवाळीच्या सुटीत निघतात. त्याच सुमारास आमच्या जिल्ह्यातून दुसरेही लोक निघतात. नवराबायकोच्या जोडीला कारखान्याच्या हिशेबात ‘एक कोयता’ म्हणतात. मुकादमाची उचल आधीच घेऊन खर्ची पडलेली असते. ती फेडण्यासाठी ट्रकवर भांडीकुंडी, शेळी आणि लेकरे चढवून हे कोयते पश्चिम महाराष्ट्रात नि कर्नाटकात जातात, पाच-सहा महिने उसाच्या फडाशेजारी कोपीत राहतात. अशी माणसे लाखांनी आहेत. सुटी संपून शाळा उघडते, तेव्हा माझ्या वर्गातले बाक रिकामे असतात. हंगामी वसतिगृहामुळे काही पोरे मागे राहतात. आजी असली तर आणखी काही. गावच्या दुकानाची उधारी, दवाखान्याची फी, आडतीचा व्यवहार यांत या घरांचाही पैसा फिरतो. कोयत्याचा पैसा फिरत फिरत कोणाकोणाच्या विमानाच्या तिकिटात पोचतो, याचा जमाखर्च कोणी मांडलेला नाही, इतकेच. म्हणून म्हणतो, मावंदे लागू आहे.

ते कसे घालावे, हेही सांगून टाकतो. जेवणावळ नको. वर्गणी मागावयास मी येणार नाही. परदेशाहून आलेल्याने आपल्या गावच्या शाळेत एक तास यावे. फोटो दाखवावेत, पण स्वतःचे वगळून. आणि मागे राहिलेली पोरे विचारतील त्या प्रश्नांची उत्तरे द्यावीत. तयारी मात्र करून यावे लागेल. ही पोरे ‘अप्रतिम’ या शब्दावर भागवून घेणारी नव्हेत. तिकडच्या शिक्षकाला पगार वेळेवर मिळतो का, पाणी कोण सोडतो, म्हातारी माणसे कोणापाशी राहतात, असले काहीबाही विचारतील.

आणि एक प्रश्न तर ठरलेलाच आहे: ‘तिकडे ऊस कोण तोडतो?’

दहा दिवस स्वित्झर्लंडच्या चहात साखर घालून आलेल्या माणसाला याचे उत्तर ठाऊक असावे, एवढीच माझी मागणी आहे. तिकडे ऊस पिकत नाही. साखर बीटाच्या कंदाची होते, आणि तो कंद जमिनीतून यंत्राने निघतो. फडात आई नाही, कोपीत पोर नाही. हे ऐकल्यावर वर्ग काही वेळ गप्प बसेल. मग कोणीतरी हात वर करील आणि विचारील, ‘मग आपल्याकडे?’ पाहुण्यांनी त्या प्रश्नालाही थांबावे. उत्तर एकट्याने देण्याजोगे नाही. सुटीनंतर शाळा उघडली की आपण सारे मिळून शोधू. बाक रिकामे आहेत, बसावयास जागा पुष्कळ आहे.