क्लच प्लेट बदलण्यापूर्वी

जळगाव-धुळ्याकडील अनेक व्यापारी घरांत चारचाकी आली, तरी जुनी मोटारसायकल निवृत्त झालेली नाही. १९८५ साली आलेली सीडी १०० असो वा १९९४ ची स्प्लेंडर, वसुलीला आणि आठवडे बाजाराला तीच जाते. अशी गाडी एके दिवशी ‘ओढत नाही’ आणि गॅरेजमध्ये बहुधा एकच उत्तर मिळते : क्लच प्लेट गेल्या. ते खरेही असू शकते. परंतु इंजिन उघडण्यापूर्वी काही गोष्टी आपल्या अंगणातच पाहता येतात.

प्रथम दोष नेमका ओळखावा. मोकळ्या, सपाट रस्त्यावर वरच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर वाढवावा. इंजिनाचा आवाज चढला, पण वेग त्या मानाने वाढला नाही, तर क्लच घसरतो आहे. मागे माल असताना लळिंगच्या चढावर हे अधिक जाणवते. आवाजही चढत नसेल, तर संशय क्लचवर घेऊ नये. गाडी डबल स्टँडवर घेऊन, इंजिन बंद करून, न्यूट्रलमध्ये मागचे चाक हाताने फिरवावे. ते जड फिरल्यास बहुधा ब्रेक चिकटलेला किंवा चेन अति ताणलेली असते. याउलट, क्लच पूर्ण दाबूनही गाडी पुढे सरकत असेल आणि न्यूट्रल सापडत नसेल, तर क्लच पुरता सुटत नाही.

या दोन्ही दोषांत पहिली तपासणी क्लच वायरची. लिव्हरच्या टोकाशी साधारण १० ते २० मिलिमीटर मोकळा खेळ असावा. तो मुळीच नसल्यास प्लेटा पुरत्या दाबल्या जात नाहीत व घसरून झिजतात. फार असल्यास त्या सुटत नाहीत. वायरीचे तंतू तुटू लागले असतील, तर ती लगेच बदलावी.

दुसरी तपासणी ऑइलची. या गाड्यांचा क्लच इंजिन ऑइलमध्येच फिरतो. मोटारीच्या काही ऑइलमध्ये घर्षण कमी करणारे घटक असतात. त्याने क्लच घसरू शकतो. डब्यावर ‘जासो एमए’ ही खूण पाहून घ्यावी. आरएक्स १०० सारख्या टू-स्ट्रोक गाडीत गिअरबॉक्सचे ऑइल वेगळे असते. तिथे ते तपासावे.

तिसरी तपासणी चेनची. गाडी सुटताना बसणारा हिसका क्लचच्या नावावर खपतो. प्रत्यक्षात तो अनेकदा सैल चेनचा किंवा मागच्या चाकातील झिजलेल्या रबरांचा असतो. इंजिन बंद ठेवून चेन-कव्हरवरील रबरी बूच काढावे आणि चेन वर-खाली हलवून पाहावी. २० ते ३० मिलिमीटरची हालचाल सामान्य समजावी. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो. चाक थोडे थोडे फिरवून जिथे चेन सर्वांत ताठ असेल, तिथेच माप घ्यावे. एकीकडे ताठ व दुसरीकडे सैल लागली, किंवा चक्राचे दात आकड्यासारखे वाकले, तर चेन आणि दोन्ही चक्रे एकत्रच बदलावीत. जुन्या चक्रावर नवी चेन लवकर खराब होते.

चेनच्या लॉकची बंद बाजू चेन धावण्याच्या दिशेला हवी. लॉक निसटून चेन चाकात अडकली, तर एरंडोल-पारोळ्याच्या महामार्गावर भरधाव गाडीचे मागचे चाक जागीच थांबू शकते. गाडीवर दुकानातला मुलगा असो वा घरचा, ही तपासणी उद्यावर टाकू नये.

वायर आणि ऑइल योग्य असूनही क्लच घसरत राहिला, तर मात्र प्लेटा व स्प्रिंगा तपासून घ्याव्यात. प्लेटा सुटत नसतील, तर त्या ज्या घरात बसतात त्याच्या कडांना खाचा पडल्या आहेत का, हेही पाहण्यास सांगावे. तशा खाचांत नव्या प्लेटाही अडकतात. काढलेले जुने भाग मागून घ्यावेत, आणि तारीख व किलोमीटर खर्चाच्या वहीत टिपून ठेवावेत. पुढच्या वेळी प्लेटा खरोखरच झिजल्या असतील काय, याचा अंदाज त्या नोंदीवरून येईल.